तीन गिअरची सायकल

आमच्या गावाच्या दप्तरात सायकलची कुठं नोंद नाही. तलाठ्याकडं जमीन आहे, ग्रामपंचायतीत घरं आहेत, शाळेच्या जनरल रजिस्टरात पोरं आहेत. गावात पहिली सायकल कुणी आणली, कितीला आणली, ती कुणाकुणाच्या हाताखालून गेली, हे विचारायचं तर चावडीपुढच्या पारावर जायला पाहिजे. तिथलीही जाणती माणसं आता एकेक करून कमी होत चालली. म्हणून आमच्या घरातल्या एका सायकलीची हकीकत, मला आठवते तशी आणि अण्णांच्या वहीत सापडते तशी, इथं लिहून ठेवतो. तिच्या निमित्तानं आमच्या भागातल्या सायकलीचाही थोडा इतिहास सांगता येईल.

आमचं गाव कुंडल ओलांडून पुढं, किर्लोस्करवाडीपासून सहा मैलांवर. आमच्याकडं तिला नुसतं 'वाडी' म्हणतात. ही वाडी लोखंडी नांगरामुळं आणि इंजिनामुळं नावारूपाला आली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिची मुळी सायकलच्या दुकानात आहे, हे आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. स्वतः लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बेळगावची बाजू त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा सांभाळायचे. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. त्याच १८८८ साली तिकडं बेलफास्टला डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवा भरायच्या टायरचं पेटंट घेतलं. म्हणजे जगातच सायकल अजून धड रांगायला लागली नव्हती, तेव्हा ती बेळगावच्या बाजारात येऊन उभी होती.

पुढं दुकानातून कारखाना झाला. कडबा कापायची यंत्रं झाली, नांगर झाले. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ कारखान्यासाठी दिला. निवडुंगाच्या त्या माळावर वाडी वसली आणि स्टेशनचं नावही पुढं किर्लोस्करवाडी झालं. आसपासच्या गावांतली माणसं, ज्यांच्या बापजाद्यांनी सूर्य बघून कामाला जायचं एवढंच शिकून घेतलेलं, ती भोंग्याच्या तालावर चालायला लागली. सुरुवातीला पायी. चार मैल जायचं, चार मैल यायचं. मग ज्याला जमेल त्यानं सायकल घेतली.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६५-७० च्या सुमाराला, पहाटे कुंडलच्या रस्त्याला उभं राहिलं तर अंधारातून आधी चेनचा आवाज यायचा, मग डायनामोचा उजेड, मग कॅरिअरला फडक्यात बांधलेला जेवणाचा डबा. बहुतेक सगळ्या काळ्या, दांडीच्या, अठ्ठावीस इंची चाकाच्या, सळईच्या ब्रेकच्या सायकली. स्वातंत्र्याआधी बहुतेक सायकली विलायतेतूनच यायच्या. मुंबईत 'हिंद' सायकल निघाली होती, पण खरा बदल १९५० नंतर झाला. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्सची हर्क्युलिस, सोनीपतला अ‍ॅटलस, आणि १९५६ पासून लुधियानाची हिरो. ह्या देशी सायकली गावोगाव पोचल्या आणि त्यांचे सुटे भागही तालुक्याच्या बाजारात मिळायला लागले. हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. सायकल गावात नुसती आली म्हणून टिकत नाही. तिची गोळी, तिची कोन, तिची कॉटर पिन गावापासून चार-सहा मैलांच्या आत मिळाली, तर ती टिकते.

अण्णांनी १९६१ साली मिरजेत एका निवृत्त गार्डसाहेबांकडून जुनी विलायती सायकल घेतली. वहीत लिहिलंय, '१४० रु., पैकी ६० उसने.' पुढची पट्टी इतकी घासलेली होती की कंपनीचं नाव वाचता येत नव्हतं. पण मागच्या हबवर 'स्टर्मी आर्चर' अशी अक्षरं स्पष्ट होती, त्याखाली 'ए डब्ल्यू' आणि ५१ हा आकडा. तो आकडा म्हणजे हब तयार झाल्याचं साल.

ह्या सायकलीला तीन गिअर होते. आजच्या पोरांना गिअरची सायकल म्हटलं की मागं पाच-सात चकत्यांची उतरंड आणि एकीवरून दुसरीवर उडी मारणारी चेन डोळ्यांपुढं येते. हिला तसलं काही नव्हतं. बाहेरून एकच चकती, एकच चेन. सगळी करामत मागच्या चाकाच्या जाडजूड हबच्या पोटात. इंग्लंडात नॉटिंगहॅमला ही युक्ती १९०२-०३ च्या सुमाराला निघाली आणि 'ए डब्ल्यू' नावाचा तिचा प्रकार १९३६ पासून बनायला लागला. हँडलवर एक छोटा खटका, तिथून एक वायर मागच्या चाकापर्यंत, आणि वायरच्या टोकाला बारीक साखळी, जी आसाच्या पोकळीतून हबच्या आत शिरायची.

आतली रचना सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तिच्यातूनच झाली. आसावर मधोमध एक दातेरी चाक पक्कं बसवलेलं असतं, त्याला वीस दाते. त्याच्याभोवती चार छोटी चाकं फिरतात, त्यांनाही वीस-वीस दाते. आणि सगळ्यांना वेढून आतल्या बाजूनं साठ दात्यांचं कडं. मधल्याला सूर्य म्हणायचं आणि भोवतालच्यांना ग्रह. साखळी कमी-जास्त ओढली की आतला क्लच सरकतो. पायडलचा जोर ग्रहांकडून घ्यायचा की कड्याकडून, आणि तो चाकाला कुणी द्यायचा, हे त्यावरून ठरतं. मधल्या गिअरात चकती फिरेल तेवढंच चाक फिरतं. वरच्या गिअरात एक तृतीयांश जास्त, खालच्यात एक चतुर्थांश कमी. आमच्या सायकलीला पुढं ४६ दाते आणि मागं १८. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की खालच्या गिअरात सायकल सव्वाचार मीटरच्या थोडी पुढं, मधल्यात पावणेसहा, आणि वरच्यात साडेसात मीटरच्या पुढं जायची. कुंडलच्या पुढचा चढ अण्णा खालच्या गिअरात बसूनच चढायचे. बाकीचे उतरून ढकलायचे. "तुझ्या सायकलीत बैल हाय का काय रं?" असं लोक विचारायचे.

दहा वर्षं ती अशी चालली. मग तिची दुखणी सुरू झाली. ह्यात बनवणाऱ्याचा दोष म्हणता येणार नाही. त्या हबला एक बारीक तेलाचं बूच असतं, त्यातून पातळ तेलाचे थेंब वरचेवर सोडायला लागतात. आमच्याकडं तेल म्हणजे जे हाताला लागेल ते. त्यात उन्हाळ्यात घोटाघोटा फुफाटा आणि पावसाळ्यात चिखल. इंग्लंडच्या डांबरी रस्त्यावर फिरण्यासाठी केलेलं ते यंत्र आमच्या गाडीवाटेनं दहा वर्षं चाललं, हेच विशेष.

पहिल्यांदा हँडलवरचा खटका मोडला. सांगली-मिरजेचा बाजार पालथा घातला, पण तो मिळाला नाही. परदेशी माल यायचा थांबलेला होता आणि देशी दुकानदारांना गिअर म्हणजे काय हेच सांगायला लागायचं. अशा वेळी काय होतं बघा. हबमध्ये एक स्प्रिंग असते. वायर सैल पडली की ती स्प्रिंग क्लचला ढकलून वरच्या गिअरात नेऊन बसवते. म्हणजे खटका तुटला की सायकल सगळ्यांत जड गिअरात अडकते. साडेसात मीटरचा तो फेरा आषाढातल्या वाऱ्यात, संध्याकाळी घरी येताना मारायचा म्हणजे गुडघ्यांचा भुगा. कुंडलच्या मिस्त्रींनी तोड काढली. वायर ताणून मधल्या गिअरात आणली आणि दांडीला पक्की पिळून बांधून टाकली. तीन गिअरची सायकल एका गिअरची झाली, पण चालायला लागली.

ह्या बांधणीत एक धोका होता. मधला आणि वरचा गिअर ह्यांच्यामध्ये एक अशी जागा असते, की तिथं क्लच कशालाच धरत नाही. पायडल मोकळं फिरतं. खटका शाबूत असला तर तो त्या जागेवरून पटकन पुढं नेतो, तिथं थांबू देत नाही. पण बांधलेली वायर दिवसेंदिवस ताणत जाते. केसभर सैल झाली की क्लच नेमका त्या मोकळ्या जागेत येतो. १९७२ च्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस ज्या वर्षी आलाच नाही त्या पावसाळ्यात, अण्णा चढावर पायडलवर उभे राहून जोर मारत होते आणि पायाखालचं पायडल एकदम रिकामं गेलं. छाती हँडलवर आदळली, हनुवटी फुटली, डावं मनगट मोडलं.

त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. ज्वारी नव्हती. रेशनला तांबडी मिलो मिळायची, शाळेत सुकडी. विहिरीनं तळ दाखवला होता. आमची तीन एकर जमीन कोरडी पडलेली. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. घरात रोख पैसा येत होता तो अण्णांच्या पगाराचा आणि आईच्या खडीचा. त्यात अण्णा महिनाभर घरी बसले. हात बरा झाला, पण आता सायकलीवर भरवसा राहिला नव्हता. हबमधला क्लच झिजून त्याच्या कडा गोल झालेल्या, त्यामुळं वायर कशीही बांधली तरी तो मधूनच सुटायचा. सहा मैल पायी जायचं तर पहाटे तीनला उठायला लागलं असतं. नवी सायकल म्हणजे दीड महिन्याचा पगार, आणि आधीच्या महिन्याचं देणं तसंच होतं.

मी तेव्हा अकरा वर्षांचा. अण्णा, मी आणि आक्का, तिघं सायकल ढकलत मिस्त्रींच्या दुकानी गेलो. दुकान म्हणजे पत्र्याचा खोका, पुढं लिंबाचं झाड, झाडाला लटकलेले जुने टायर आणि दारात पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. बाहेर पाटी होती, 'येथे सायकलचे ओव्हरऑईल करून मिळेल.' मूळ शब्द ओव्हरहॉल आहे, हे मला आयटीआयला गेल्यावर कळलं. पण आमच्याकडचा शब्द चुकीचा म्हणवत नाही, कारण त्या कामात तेलच जास्त लागायचं.

मिस्त्रींनी चाक काढलं, हब उघडला आणि आतला सगळा ऐवज रॉकेलच्या पत्र्यात टाकला. एकेक भाग पुसून फडक्यावर मांडला. मला म्हणाले, "मोज दातं." मी मोजले. वीस, वीस, साठ. मग त्यांनी क्लचची गोल झालेली कड अंगठ्यानं दाखवली.

"अण्णा, ह्यो आता धरायचा न्हाई. ह्याला तिकडनंच आणाय पायजे आन् तिकडनं काय येत न्हाई."

"मग भंगारात घालू म्हणतोस?"

"हब घाला. सायकल कशापायी? नळ्या बघा की, ठणठणीत हायत. ह्यात आपला देशी हब घालू आन् फ्रीव्हील लावू. येकच गिअर, पर इमानदार."

आता इथं एक सोयीची गोष्ट होती. विलायती सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असायच्या. देशी कारखान्यांनी तोच नमुना उचलला. त्यामुळं देशी हबला ४० भोकं आणि आमच्या जुन्या रिमलाही ४०. रिम बदलायची गरज नव्हती. तारा मात्र बदलायला लागणार होत्या. गिअरचा हब जाडजूड, त्याच्या कडा मोठ्या, म्हणून त्याच्या तारा आखूड असतात. बारीक हबला त्या पुरत नाहीत.

मग मिस्त्रींनी दुसरा प्रश्न विचारला, आणि मला वाटतं कारागीर ओळखायचा तो असा. "अठराचं फ्रीव्हील घालू का विसाचं?" अठरा दात्यांचं सगळीकडं चालायचं. सपाट रस्त्याला ते बरं. विसाचं दूधवाले आणि ओझ्याची माणसं घ्यायची. विसाच्या फ्रीव्हीलला एका फेऱ्यात सायकल पाच मीटरच्या थोडी पुढं जाते, म्हणजे आमच्या जुन्या खालच्या आणि मधल्या गिअरच्या बरोबर मध्ये. उतारावर पाय भराभर मारायला लागतात, पण चढ आणि वारा दोन्ही निभावतात.

अण्णांनी आक्काकडं बघितलं. ती तेव्हा आठवीत होती. हायस्कूल कुंडलला, तीन मैल. गावातल्या चौघी पोरी पायी जायच्या. त्यांतल्या दोघी दिवाळीनंतर आयांबरोबर खडीवर जायला लागल्या होत्या. आक्काचंही तेच बोलणं घरात सुरू झालं होतं. आजी रोज म्हणायची, "येवढं चालून शिकून काय कलेक्टर हुणार हाय व्हय?"

अण्णा म्हणाले, "विसाचं घाल. पोरीला बी वढाय पायजे."

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी फळीवरून विसाचं फ्रीव्हील काढलं.

दीड दिवस काम चाललं. चाळीस तारा एकेक करून हबमधून ओवल्या, दुसऱ्या तारांवरून तिढा देत रिममध्ये बसवल्या, निपल फिरवले. मग चाक चिमट्यात उभं करून खडूनं आउट काढला. फिरत्या रिमजवळ खडू धरायचा. जिथं रिम बाहेर येते तिथं रेघ उमटते. तिथली एका बाजूची तार अर्धा फेरा आवळायची, समोरची सैल करायची. पुन्हा फिरवायचं. हे काम घाईनं होत नाही. एक तार जास्त आवळली की चाक अंड्यासारखं होतं. मग चेन बसवली. चकती आणि फ्रीव्हील एका रेषेत येत नव्हते, म्हणून आसावर एका बाजूला वायसर घातला. फ्रीव्हीलला दोन दाते जास्त, त्यामुळं जुनी चेन ताठ झाली. तिला एक कडी वाढवली. चेन मधोमध दाबली की बोटभर हालली पाहिजे, त्याहून जास्त नाही, हे मी तिथं शिकलो.

अण्णांच्या वहीत तो हिशेब आहे. हब, फ्रीव्हील, तारा, गोळ्या, ग्रीस आणि मजुरी मिळून ३६ रुपये. हे पैसे आईनं दिले. तिच्या खडीच्या पंधरा-सोळा दिवसांची ती कमाई होती.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा कामावर गेले. दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात सायकल सकाळी घरी असायची. त्या आठवड्यांत ती आक्काकडं. दुपारी शाळेजवळच्या मारुतीच्या देवळापाशी अण्णा पायी येऊन ती घेऊन जायचे आणि आक्का संध्याकाळी बाकीच्या पोरींबरोबर चालत यायची. सीट पार खाली बसवलेली, तरी तिचे पाय टेकायचे नाहीत. दगडावर सायकल लावून ती चढायची. पुरुषी दांडीच्या सायकलीवर पोरगी, हे गावानं पहिल्यांदाच बघितलं. पहिल्या आठवड्यात पारावरचे लोक उठून बघायचे. कुणीतरी अण्णांना देवळात गाठून बोललं. अण्णांनी एवढंच विचारलं, "मग तिला रोज पोचवाय तू येतोस का?" ते बोलणं तिथंच संपलं. पुढच्या वर्षी खडीवर गेलेल्या दोघींपैकी एक परत शाळेत आली, आक्काच्या मागं कॅरिअरवर बसून. विसाचं फ्रीव्हील होतं म्हणून दोघींचं वजन ओढलं जायचं.

मार्च १९७५ ला महाराष्ट्रात अकरावीऐवजी दहावीची पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. आक्का त्या पहिल्या तुकडीत पास झाली. पुढं डी. एड. करून प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून तिनं बत्तीस वर्षं काढली. सायकल नसती तर तिचं शिक्षण सुटलं असतं, असं मी छातीठोक म्हणत नाही. आईनं कसंही करून तिला शिकवलं असतं. पण त्या वर्षी जी दोन-तीन घरं काठावर उभी होती, त्यांतलं आमचं एक होतं, एवढं खरं.

तीन गिअरचा हब आमच्याकडं का रुजला नाही, ह्यावर मी पुढं पुष्कळ विचार केला. आयटीआयला टर्नर झालो, नंतर तिथंच शिकवायला लागलो, तेव्हा तो उघडलेला हब मी वर्गात ठेवायचो. सूर्य, ग्रह आणि कडं दाखवायला त्याच्याइतकं चांगलं साधन नव्हतं. ट्रॅक्टरच्या मागच्या आसातही हीच युक्ती असते. यंत्र म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण आमच्या सायकलीला माणूस, कडब्याची पेंढी, दुधाच्या किटल्या आणि आजारी पोर असं सगळं वाहायचं होतं, आणि मोडली तर गावातल्या पान्यानं दुरुस्त व्हायचं होतं. एका गिअरच्या सायकलीत जे मोडतं ते डोळ्यांना दिसतं. लोकांनी त्यासाठी गिअर सोडला, तो अडाणीपणानं नाही.

आता पुन्हा गिअरच्या सायकली गावात आल्यात. वाडीला, पलूसच्या वसाहतीत कामाला जाणारी काही पोरं त्या वापरतात. वर्ष-दोन वर्षांत मागचा गिअर वाकतो, चेन चकत्यांवर ठरत नाही, आणि सायकल गोठ्यात जाते. तिची वाट मला विचारली तर मी जुनीच सांगतो. आधी मागच्या चाकाची खाच बघा. खाच आडवी असेल तर चाक मागं ओढून चेन ताणता येते, आणि मोडका गिअर काढून एका चकतीवर सायकल बिनघोर चालते. खाच उभी असेल तर चेन ताणायला जागा नसते. तिथं ताण देणारी छोटी चकती लावावी लागते, नाहीतर चेन उतरते. पुढं-मागं चकत्या एका रेषेत धरा, चेन मोजून तोडा. आणि दाते निवडताना सपाट रस्ता धरू नका, तुमच्या वाटेवरचा सगळ्यांत वाईट चढ धरा.

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा त्याच लिंबाखाली आता मोटारसायकलींचे पंक्चर काढतो. पत्र्याचा खोका जाऊन पक्की खोली झालीय. परवा त्याच्याकडं सहज चौकशी केली, विसाचं फ्रीव्हील मिळंल का म्हणून. त्यानं फळीवरचा डबा खाली काढला. आत तीन होती, कागदात गुंडाळलेली, तेल लावून ठेवलेली.